बिनमालाचं दुकान चार महिने चालवून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं छोटं कटलरीचं दुकान आहे, पप्पांच्या काळापासूनचं. बांगड्या, टिकल्या, क्लिपा, पर्स, राख्या, दिवाळीला पणत्या, असलं सगळं. म्हणजे विकणं काय असतं ते मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. पण रात्री अकराला शटर ओढून घरी आलो की रील्समध्ये रोज एक पोरगा दिसायचा, गाडीच्या बॉनेटवर बसून सांगणारा, माल भरायचा नाही, गाळा घ्यायचा नाही, फक्त मोबाईल पाहिजे. आणि इकडं मी दिवसभर रबरबँडची पाकिटं मोजत बसलेलो. डोक्यात गेलंच.

त्यात भर म्हणून कोल्हापुरातच एका हॉटेलच्या हॉलमध्ये 'फ्री सेमिनार' झालं. फ्री सेमिनारमध्ये चहा फ्री आणि कोर्स ४,९९९ चा. मी घेतला. त्यानंतर एक सप्लायर ॲप घेतलं, शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडं, दुकान थाटलं आणि चार महिने इमानदारीत ड्रॉपशिपिंग केलं. कोर्सवाल्या सरांचं, ॲपचं नाव लिहीत नाही, उगाच कोर्टकचेरी कोण बघणार, पण हा रिव्ह्यू त्या तिन्हीचा मिळून आहे, कोर्स, ॲप आणि हा धंदा. आधीच सांगतो, कोर्सला एक स्टार, ॲपला अडीच. धंद्याला किती द्यायचे ते खाली हिशोब बघून तुम्हीच ठरवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्लायरचा माल दिल्ली नाहीतर सुरतच्या गोडाऊनमध्ये पडलेला असतो, तुम्ही फक्त त्याचे फोटो आपल्या वेबसाईटवर लावायचे, फेसबुक-इन्स्टावर जाहिरात सोडायची, ऑर्डर आली की ॲपमध्ये टाकायची, ते लोक तुमच्या नावानं पॅक करून थेट गिऱ्हाइकाला पाठवतात. तुम्ही माल बघत पण नाही. मधल्या मधे जो फरक राहील तो तुमचा.

मी घेतलं चार्जिंगचं लसूण चॉपर. मुठीएवढं, हिरवं झाकण, वर बटण दाबलं की गर्रर्र. सरांच्या भाषेत 'विनिंग प्रॉडक्ट', म्हणजे हमखास खपणारं. फळ्यावरचा हिशोब असा होता: विकायचं ४९९ ला, सप्लायरला २१०, कुरिअर ७५, जाहिरात एका ऑर्डरला १३०, राहिले ८४. दिवसाला फक्त २० ऑर्डरी धरा म्हणाले, म्हणजे महिन्याला ५० हजार. हॉलमध्ये शंभर-सव्वाशे माणूस होतं, सगळ्यांनी वहीत ८४ ला गोल केला. मी पण केला.

आता आमच्या पप्पांची सवय अशी की दुकानात आलेला गेलेला प्रत्येक रुपया लाल वहीत लिहायचा, त्यामुळं मी पण लिहीत गेलो, आणि त्या वहीनंच मला वाचवलं म्हणायचं. सोपं जावं म्हणून शंभर ऑर्डरीच्या हिशोबानं सांगतो.

शंभर ऑर्डरी आल्या, सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी. जाहिरातीचे १३,००० झाले, पण त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे कार्डावरनं गेले १५,३४०. (जीएसटी नंबर असेल तर ते क्रेडिट नंतर मिळतं, पण पैसे आज जातात.) मग मी एकेकाला फोन केला कन्फर्म करायला, तर १४ जण म्हणाले आम्ही ऑर्डर केलीच नाही, किंवा पोरानं मोबाईलवर चुकून दाबलं. राहिले ८६. ते पाठवले, ७५ प्रमाणे ६,४५० कुरिअर. त्यातले ५७ जणांनी घेतले आणि २९ पार्सलं परत. परत येण्याचे पण ६० रुपये लागतात, ते १,७४०. आले किती, तर ५७ गुणिले ४९९, म्हणजे २८,४४३. मालाचे ५७ गुणिले २१०, ११,९७०. सगळी वजाबाकी केली तर ७,०५७ रुपये खिशातनं गेले. तेवढ्यावर थांबलं नाही, घेतलेल्या ५७ पैकी ५ जणांचं चॉपर बंद पडलं, त्यांचे पैसे दिले, सप्लायरनं दोघांचेच परत केले, ते पण त्याचे २१० प्रमाणे. म्हणजे एकूण गेले ९,१३२. वर वेबसाईटचं महिन्याचं भाडं वेगळंच, ते धरलेलं नाही.

फळ्यावर ८४ नफा, वहीत ९१ तोटा. प्रत्येक ऑर्डरला. माल तोच, भाव तोच.

सरांच्या फळ्यावर सगळ्यात मोठी गोष्टच नव्हती, ती म्हणजे आरटीओ. पहिल्यांदा मी घरी जेवताना म्हणालो की आरटीओनं वाट लावली, तर पप्पा म्हणाले, गाडीची पीयूसी संपली होती काय. नाही, रिटर्न टू ओरिजिन. पार्सल गेलं आणि तसंच माघारी आलं. एमएच शून्य नऊ वाल्या आरटीओचा दंड तरी एकदाच भरायचा असतो, हा रोजचा.

पार्सल का परत येतं याचा मी नंतर नीटच अभ्यास केला कारण दुसरं कामच नव्हतं. काही लोकांचा मूड गेलेला असतो, चार-पाच दिवसांनी कुरिअरवाला दारात उभा राहिला की ४९९ जास्त वाटतात. काही पत्ते म्हणजे नुसतं 'मारुती मंदिराच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ', आता प्रत्येक गावात मारुती आणि प्रत्येक गावात टाकी. पण सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे कुरिअरचा पोरगा जातच नाही आणि मोबाईलवर 'कस्टमर उपलब्ध नाही' असं दाबतो. बीडच्या एका ताईंनी मला स्वतः फोन करून विचारलं की दादा माझं पार्सल कधी येणार, मी दिवसभर घरातच आहे, आणि माझ्या स्क्रीनवर त्याच दिवशी लिहिलेलं 'दाराला कुलूप'. मी ॲपवर तिकीट टाकलं. त्यांचं उत्तर आलं तिसऱ्या दिवशी, तोवर पार्सल दिल्लीच्या वाटेला लागलेलं.

आता मुख्य गोष्ट, जी सांगायला मलाच लाज वाटते. साठेक ऑर्डरी गेल्यावर मी पहिल्यांदा ते चॉपर स्वतः हातात घेतलं. तोवर मी फक्त व्हिडिओ बघितलेला, आणि तो पण कुणाचा तरी उचललेला. झालं असं की सोलापूरकडच्या एका मावशींचा फोन आला, "बाळा, ह्यात सुकं खोबरं होतंय का? चटणीला पाहिजे." मी म्हटलं हो मावशी, सगळं होतं. कारण व्हिडिओत तसंच लिहिलेलं. आठवड्यानं त्यांचाच फोन, आवाज नाही, कुरबुर नाही, फक्त म्हणाल्या, "बंद पडलं बघ ते." मग मी सॅम्पल मागवलं, स्वतःचे पैसे भरून. आईला दिलं. आईनं आधी लसूण घातला, झ्याक झाला. मग मिरची-कोथिंबीर, ती पण झाली. मग कांदा-लसूण चटणीसाठी चिरून ठेवलेलं खोबरं घातलं आणि बटण दाबलं, दोन सेकंद घुर्रर्र केलं, मग वास आला, जळक्या वायरचा, आणि पातं तिथंच अडकून बसलं. आई म्हणाली, "खलबत्ता काय वाईट होता?"

त्या दिवशी कळलं की दुकानात बसून मी जे रोज फुकटात करतो तेच इथं नाही. दुकानात बाई विचारते ही क्लिप तुटंल काय, मी तिच्यासमोर वाकवून दाखवतो. तुटणारी असेल तर मला आधीच माहीत असतं, मी ती घेतच नाही. इथं मी अशा मालाची गॅरंटी देत होतो जो मला स्वतःलाच ठाऊक नव्हता. आणि कायद्यानं विक्रेता मीच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे, माल खराब निघाला किंवा जाहिरातीसारखा नसला तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. सप्लायर हात वर करतो, बिलावर नाव आपलं. वेबसाईटवर माल कुठल्या देशात बनला ते लिहावं लागतं, तक्रार अधिकाऱ्याचं नाव-नंबर टाकावं लागतं. माझ्या कोर्समध्ये ह्यातलं एक अक्षर नव्हतं. खेळण्यांचं तर त्याहून कडक आहे, १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं खेळणं विकताच येत नाही, आणि सरांच्या 'हॉट प्रॉडक्ट' यादीत निम्मी खेळणी, कशावरही मार्क नाही.

बरं कोर्सचं बोलतोय तर संपवूनच टाकतो. १८ व्हिडिओ, त्यातले चार अलीएक्सप्रेसवरनं माल कसा मागवायचा ह्याच्यावर. ते ॲप आपल्या सरकारनं नोव्हेंबर २०२० मध्येच बंद केलंय! बहुतेक बाहेरच्या कुणाच्या तरी कोर्सवरनं उचलून मराठीत बोललेलं, मधे मधे डॉलरमध्येच हिशोब. जीएसटीवर एक वाक्य, 'सुरुवातीला गरज नाही'. अरे, साधा माल परराज्यात विकायचा तर पहिल्या ऑर्डरीपासून नंबर लागतो, वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंतची सूट त्याला नाही. आमचा दुकानाचा नंबर होता म्हणून निभावलं, आमच्या सीएनं डोक्याला हात लावला तो भाग वेगळा. ग्रुपवर प्रश्न विचारला की सर म्हणायचे 'माईंडसेट चेंज कर भावा'. आरटीओवर माईंडसेट काय चेंज करणार.

एक गंमत वाचनात आली. ज्यांनी शॉपिफाय काढलं ते कॅनडातले लोक मुळात स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावर घसरायच्या फळ्या, ऑनलाइन विकायला निघालेले, त्यासाठी दुकानाचं सॉफ्टवेअर स्वतः बनवलं, आणि २००६ पासून ते सॉफ्टवेअरच विकायला लागले. फळ्यांपेक्षा ते चाललं. आपल्याकडं जोतिबाच्या यात्रेत नवस फेडणारे लाखो, आणि त्यांना गुलाल-खोबरं विकून कमावणारे वेगळे. हॉलमध्ये बसून वहीत ८४ ला गोल करणारे आम्ही नवसवाले होतो एवढंच.

ॲपला अडीच स्टार का, कारण ॲप खोटं नाहीये. माल पाठवतात, ट्रॅकिंग दिसतं, पैसे उशिरा का होईना येतात. पण उशिरा म्हणजे बघा, आज जाहिरातीचे पैसे कार्डावरनं गेले, माल गेला चार-पाच दिवस, मिळाला, मग गिऱ्हाइकानं दिलेली रोकड कुरिअरकडनं ॲपकडं आणि तिथून आठ-दहा दिवसांनी माझ्याकडं. तोवर रोजची जाहिरात चालूच. दुसऱ्या महिन्यात माझे ३० हजार असे नुसते वाटेत फिरत होते. 'भांडवल लागत नाही' असं जो म्हणतो त्यानं हे कार्डाचं बिल भरावं. आमच्या दुकानात दिवाळीच्या न खपलेल्या पणत्या कपाटात तरी दिसतात, पुढच्या वर्षी पुसून परत मांडता येतात. न चाललेली जाहिरात कुठल्या कपाटात ठेवू?

आणि वजनाचा घोळ. चॉपर हलकं, त्यात काही कळलं नाही, पण मधे मी प्रवासात मानेला लावायची उशी ट्राय केली. वजन पाव किलो. कुरिअरचं बिल आलं अडीच किलोचं! भांडायला फोन केला तर समजलं की हे लोक खोक्याची लांबी-रुंदी-उंची सेंटीमीटरमध्ये गुणून त्याला ५,००० नं भागतात. ३० बाय ३० बाय १२ चं खोकं, १०,८०० भागिले ५,०००, २.१६ किलो, आणि अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यात वर ओढून अडीच. हवेचं भाडं. मी माल बघितला असता तर दाबून पिशवीत घातला असता, पण पॅकिंग दिल्लीवाल्याच्या हातात. सात उशा विकल्या आणि बंद केलं.

मग नफा होतच नाही काय? होतो. खोटं कशाला बोलू. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी महाराष्ट्राबाहेर पाठवणं बंद केलं, ज्या पिनकोडवरनं सारखी पार्सलं परत येत होती ते बंद केले, फोनऐवजी व्हॉट्सॲपवर पत्ता लिहून घ्यायला लागलो, वेबसाईटवर मोठ्या अक्षरात लिहिलं की सुकं खोबरं चालणार नाही, आणि भाव ५९९ केला. शंभर ऑर्डरीतले २० जण मीच गाळले, ८० पाठवले, ६६ नी घेतले. जाहिरात महाग झाली, १४० पडायला लागली. त्याचा हिशोब: ६६ गुणिले ३८९ (५९९ वजा मालाचे २१०) म्हणजे २५,६७४ आले, त्यातनं जाहिरात जीएसटीसकट १६,५२०, कुरिअर ६,०००, परतीचे ८४०. राहिले २,३१४. ऑर्डरमागं २३ रुपये. त्यासाठी रात्री एक वाजेपर्यंत 'काका घराजवळची खूण सांगा' असले मेसेज. २३ रुपयात आमच्या इथं कटवडा पण येत नाही. आणि हे सगळं वेळेत चाललं तर. मधे एकदा इन्स्टानं जाहिरातीचं खातं कारण न सांगता दोन दिवस बंद ठेवलं, दोन दिवस शून्य ऑर्डरी. इथं जवळच गांधीनगरच्या बाजारात चक्कर मारली तर तेच चॉपर, तेच हिरवं झाकण, १५० ला पडलेलं. वर दुकानदारानं चालू करून दाखवलं.

ह्या सगळ्यात एक प्रकार असा झाला की हसावं का रडावं. ॲपवर मी सहज 'कोल्हापुरी चप्पल' शोधली. निघाली, १८० रुपयाला, रेक्झिनची, वर सोनेरी गोंडा चिकटवलेला, गोडाऊन दिल्लीत. दोन दिवस टेस्टिंगला लावून ठेवली. पहिलीच ऑर्डर आली ती कागल तालुक्यातनं. भावांनो, कापशी चप्पल ज्या कापशी गावाच्या नावानं ओळखली जाते ते गाव कागल तालुक्यातलं, आणि तिथल्या माणसाला मी राजारामपुरीत बसून दिल्लीची रेक्झिनची 'कोल्हापुरी' पाठवणार होतो. ऑर्डर मीच कॅन्सल केली, फोन करून माफी मागितली. तो माणूस म्हणाला, मी पण बघायलाच टाकली होती, कुठली पाठवताय ते.

त्यावरनंच पुढचं सुचलं. ओळखीचे एक मामा आहेत, घरीच कापशी आणि कानवाली चपला बनवतात, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची, खरी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली, नाव नाही घेतलं, मग बोंबाबोंब झाल्यावर मूळ भारतातलं असल्याचं मान्य केलं, तेव्हापासून माझ्या पुण्या-मुंबईच्या मित्रांची विचारणा चालूच होती, खरी कुठं मिळते रे. मी मामांना विचारलं, चप्पल तुमच्याकडंच राहू दे, ऑर्डर आली की पत्त्याचं लेबल व्हॉट्सॲपवर पाठवतो, तुम्ही पॅक करा, कुरिअरवाला तुमच्या दारात येईल. त्यांची पोरगी झेरॉक्सच्या दुकानातनं लेबल काढते. स्टॉक माझा नाही, पॅकिंग माझं नाही, मग हे पण ड्रॉपशिपिंगच की.

फरक एवढाच की प्रत्येक जोड मी सायकलवर जाऊन बघू शकतो. विकतो १,४०० ला, मामांना ९५०, कुरिअर ९०. जाहिरात शून्य, नुसतं स्टेटस आणि इन्स्टाचे फोटो. पैसे आधी यूपीआयनं, कॅश ऑन डिलिव्हरी नाही, विषय संपला. साइजसाठी लोकांना सांगतो, कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं कड काढा, शेजारी पट्टी ठेवा आणि फोटो पाठवा. आता माझ्या फोनची गॅलरी उघडली तर नुसते पाय. दीड महिन्यात १८ जोड गेले, दोघांचे साइज बदलून द्यायला जाऊन-येऊन ३६० गेले, हातात राहिले ६,१२०. आठवड्याला तीन जोड म्हणजे काय धंदा आहे असं सर म्हणतील. बरोबर आहे. मामा पण मशीन नाहीत, आणि पावसाळ्यात कातडं वाळत नाही म्हणून काम निम्म्यावर येतं. ज्याला महिन्याला हजार ऑर्डरी पाहिजेत त्याला हे जमणार नाही.

आणि हो, करायचंच असेल कुणाला तर कोर्स घेऊ नका, त्या ४,९९९ मध्ये दहा-बारा सॅम्पलं मागवा, घरात वापरा, आईला वापरायला द्या. १०० ऑर्डरी होईपर्यंत वहीत आलेल्या ऑर्डरी नाही, गिऱ्हाइकानं घेतलेली पार्सलं मोजा. बाहेर नोकरी असेल आणि ३०-४० हजार सहा महिने विसरता येत असतील तर ट्राय करा, घरभाडं त्यातनं भरायचं असेल तर लांबच राहा. माझं ॲपचं सबस्क्रिप्शन पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आहे, त्यानंतर बंद. वेबसाईट ठेवणार आहे, चपलांसाठी.

गिऱ्हाइकांकडनं परत आलेली चॉपरं दुकानाच्या पत्त्यावर आली होती, त्यातली दोन मी दुरुस्त करून आणलीत. कुणाला पाहिजे असतील तर दीडशेला देतो, दुकानात या, चालू करून बघा आणि मगच न्या. सुकं खोबरं घालू नका.